स्कॉटिश फिडलच्या चालींच्या नावातली माणसं: होती कोण ही?

ग्रॅनाइटवाला

'मिस अ‍ॅडमिरल गॉर्डन' हे एका स्ट्रॅथस्पेचं (स्कॉटिश नाचाच्या चालीचा एक संथ प्रकार) नाव आहे. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं बाई आरमारात होत्या की काय, पण तसं काही नाही, वडील अ‍ॅडमिरल आणि ही त्यांची बिनलग्नाची मुलगी, तिचं स्वतःचं नाव शीर्षकात कुठेच नाही. चाल रचली विल्यम मार्शलने (1748-1833), जो गॉर्डनच्या ड्यूककडे बटलर होता, पुढे त्याच्या इस्टेटीचा कारभारी झाला आणि फावल्या वेळात घड्याळंही बनवायचा. मग 1788 साली स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने याच चालीवर स्वतःच्या बायकोसाठी, जीन आर्मरसाठी, गाणं लिहिलं. म्हणजे चालीला नाव एकीचं आणि शब्द दुसरीसाठी, आणि आज लोकांना आठवते ती दुसरी.

मी अ‍ॅबर्डीनला असतो, इथे पबमध्ये फिडलवाले जमतात (फिडल म्हणजे व्हायोलिनच हो, वाजवायची पद्धत वेगळी) आणि एकेक चाल सुरू करायच्या आधी नाव सांगतात, लेडी अमुक, मिसेस तमुक ऑफ ढमुक, कॅप्टन फलाणा. विचारलं की ही कोण, तर खांदे उडवतात. मला ते सहन होईना म्हणून शोधायला लागलो. आणि आता मत असं झालंय की शीर्षक ही अर्पणपत्रिका कमी आणि पावती जास्त असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वादक-रचनाकार स्वतःचे संग्रह आगाऊ वर्गणी घेऊन छापायचे, पुस्तकाच्या सुरुवातीला वर्गणीदारांची यादी, आणि आतल्या चालींची नावं बघितली की त्यातलीच बरीच मंडळी पुन्हा भेटतात. ज्याने पैसे दिले, ज्याच्या बॉलला वाजवायला बोलावलं, ज्याच्या घरी नोकरी, त्याच्या बायको-मुलींच्या नावाने चाल. त्यामुळे नावावरून माणूस शोधायचा तर 'चालीत कुणाचं वर्णन आहे' हे विचारून उपयोग नाही, 'त्या साली तिथे मालक कोण होता' हे विचारायचं.

सोपं उदाहरण घ्या, मोनिमस्क. अमेरिकेतसुद्धा वाजते ही चाल, सगळ्यांना ते गावाचं नाव वाटतं, आणि आहेच ते अ‍ॅबर्डीनशरमधलं गाव. पण डॅनियल डाउने 1776 ला छापली तेव्हा शीर्षकात 'सर आर्चिबाल्ड ग्रँट ऑफ मोनिमस्क' असा माणूस होता, पुढे माणूस गळला आणि गाव उरलं. आता गंमत अशी की बाप आर्चिबाल्ड, मुलगाही आर्चिबाल्ड. पण बाप वारला 1778 ला आणि 'सर' ही पदवी मुलाकडे त्यानंतर आली, म्हणजे 1776 चा 'सर आर्चिबाल्ड' हा बापच. हा बाप भारी नग आहे. ओसाड माळावर लाखो झाडं लावली म्हणून शेतीसुधारक म्हणून गाजलेला, आणि त्याच्या आधी 1732 ला गरिबांना तारणावर कर्ज देणाऱ्या चॅरिटेबल कॉर्पोरेशनच्या घोटाळ्यात पार्लमेंटमधून हाकललेला! ज्या रीलवर (नाचाची जलद चाल) लोक शनिवारी रात्री घाम निघेस्तोवर नाचतात तिच्या नावामागे हे सगळं आहे आणि नाचणाऱ्यांना पत्ता नाही.

तुम्हाला अशा कुठल्या चाली माहीत असतील तर टाका, मी शोधतो जमेल तसं. टंकाळा येईपर्यंत.

झंपी

भारी धागा! वाचनखूण साठवली. 'नील गौज लॅमेंट फॉर द डेथ ऑफ हिज सेकंड वाइफ' हे मी ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मनात येतं की पहिलीसाठी का नाही रचलं? पहिलीने काय घोडं मारलं होतं? :D

ग्रॅनाइटवाला

झंपी, हा प्रश्न इथे पण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. नील गौ म्हणजे त्या काळातला गाजलेला फिडलवाला, आणि त्याच्या दोन्ही बायकांचं नाव मार्गारेट. पहिली मार्गारेट वाइजमन, पाच मुलगे तीन मुली तिच्या, ती गेल्यावर नीलने 1768 ला मार्गारेट अर्कहार्टशी लग्न केलं. ती 1805 ला गेली, म्हणजे सदतीस वर्षांचा संसार, आणि नील तेव्हा सत्तरीच्या पुढचा म्हातारा. सांगतात की ती गेल्यावर त्याने फिडल बाजूला ठेवून दिलं होतं, मित्रांनी फार आग्रह केला तेव्हा परत उचललं आणि ही चाल निघाली. नंतर दोनेक वर्षांत, 1 मार्च 1807 ला, तो स्वतः गेला. पहिलीसाठी रचलंच नसेल असं नाही, पण ती गेली तेव्हा त्याचे संग्रह निघत नव्हते, पहिला संग्रह 1784 चा. छापलंच नाही ते आपल्यापर्यंत येणार कुठून.

आणि ही चाल एकदा नीट ऐकाच. विलाप म्हटल्यावर आपण कोमल स्वरांची वाट बघतो, इथे सरळ डी मेजर, म्हणजे आपल्या बिलावलाचेच स्वर. सुरुवात खालून होते, हळूहळू वर चढते, दुसऱ्या भागात वरच्या सप्तकात जाते आणि तिथून एकेक पायरी उतरत येते. वाजवणारा चांगला असेल तर वरच्या सुरावर क्षणभर जास्त थांबतो, तिथे रडगाणं अजिबात नाही, उलट कुणाची तरी छान आठवण काढावी तसं. शीर्षक झाकून ऐकवलं तर निम्मे लोक याला प्रेमगीत म्हणतील, आणि चुकणार नाहीत.

तानपुरा_लावतोय

आपल्याकडे सदारंगाच्या बंदिशीत 'मोमदसा' येतो तोच हा प्रकार. मोहम्मदशाह रंगीले आश्रयदाता, मग अंतऱ्यात त्याचं नाव. फरक इतकाच की आपण ते गाऊन टाकतो, यांनी वर मथळ्यात लावलंय.

बाकी मला एक शंका आहे. तो नील गौ स्वतः काय जमीनदार होता का? कारण त्याचं मोठं पेंटिंग बघितलंय कुठेतरी, चौकड्याची तोकडी पाटलोण घातलेलं.

ग्रॅनाइटवाला

@तानपुरा, मोमदसा एकदम फिट्ट.

नील जमीनदार वगैरे काही नाही. पर्थशरमध्ये डंकेल्डजवळ इन्व्हर म्हणून वस्ती आहे, टे नदीच्या काठी, तिथे साध्या घरात राहायचा. अ‍थॉलचा ड्यूक त्याचा आश्रयदाता. पेंटिंग रेबर्नचं आहे, एडिनबरोच्या पोर्ट्रेट गॅलरीत लावलंय. रेबर्न म्हणजे त्या काळातला स्कॉटलंडमधला अव्वल चित्रकार, बडी बडी धेंडं त्याच्याकडे बसायची, आणि त्याने एका वादकाला बसवून चितारलं यावरून म्हाताऱ्याचा दबदबा कळतो. बर्न्स पण 1787 ला त्याला भेटून गेलाय. नदीकाठी एक ओकचं झाड आहे, त्याखाली बसून चाली रचायचा म्हणतात, जाऊन बघता येतं.

त्याच्या सगळ्याच चाली बड्यांच्या नावाने नाहीत. 'फेअरवेल टू व्हिस्की' आहे! 1799 ला बार्लीचं पीक बुडालं म्हणून दारू गाळायला बंदी आली, तेव्हाची. आणि बंदी उठल्यावर व्हिस्कीच्या स्वागताची पण चाल आहे. यात माणूस शोधायची भानगडच नाही, सगळा गावच त्यात आला.

कोथरूडकर_काकू

पण मला त्या बायकांचं वाईट वाटतं हो. मिस अ‍ॅडमिरल काय, मिसेस अमुक ऑफ अमुक काय. बापाचा हुद्दा नाहीतर नवऱ्याची जमीन. एखादी तरी आहे का जिचं स्वतःचं नाव सापडतं, आणि जी कुणाची जमीनदारीण नव्हती?

ग्रॅनाइटवाला

काकू, आहे ना, आणि माझ्याच गावची. 'द बॉनी लास ओ बॉन अकॉर्ड'. बॉन अकॉर्ड हे अ‍ॅबर्डीनचं ब्रीद, म्हणजे 'अ‍ॅबर्डीनची देखणी पोर'. रचली जेम्स स्कॉट स्किनरने 1884 ला. हा स्किनर (1843-1927) बँकरी गावचा, मूळचा नाचमास्तर, स्वतःला 'स्ट्रॅथस्पे किंग' म्हणवून घ्यायचा, अहंकार भरपूर पण हातात जादू. म्हातारपणी त्याच्या ग्रामोफोन रेकॉर्ड निघाल्या त्यामुळे तो स्वतः कसा वाजवायचा हे आज ऐकायला मिळतं, नील गौच्या बाबतीत ती सोय नाही.

तर ती पोर म्हणजे विल्हेल्मिना उर्फ मिना बेल, घरकाम करणारी. एका पार्टीत स्किनरची आणि तिची गाठ पडली. तिने सांगितलं की वडील एकेकाळी बऱ्या स्थितीतले होते, कुणासाठी तरी जामीन राहिले, सही केली आणि बुडाले, म्हणून माझ्यावर ही वेळ आली. स्किनर म्हणाला खचू नकोस, तुझी आठवण राहील अशी चाल करतो. ही हकीकत स्किनरच्याच बाजूने आलीय आणि गडी गोष्ट रंगवण्यात कमी नव्हता, पण शब्द पाळला हे नक्की. ज्या काउंटेसांच्या नावाने शेकड्याने चाली छापल्या त्यातल्या बहुतेक आज कुणी वाजवत नाही, आणि मिनाची चाल दर आठवड्याला पबमध्ये वाजते.

त्याचीच 'द मिलर ओ हर्न' आहे, हर्नचा पिठाच्या गिरणीवाला जेम्स जॉन्स्टन, बँकरीच्या जवळच. आणि 'द लेअर्ड ओ ड्रमब्लेअर' (लेअर्ड म्हणजे जमीनदार) हे मॅकहार्डी नावाचे गृहस्थ, दक्षिण अमेरिकेत पैसा कमावून परत आले, इस्टेट घेतली आणि स्किनरला राहायला घर दिलं, बिनभाड्याचं. तिथे मात्र पुन्हा पावतीच हो.

मुक्काम_पोस्ट_मिरज

मिस मॅक्लाउड्स रील आम्ही व्हायोलिनच्या क्लासला शिकलोय, मास्तर वेस्टर्न पण शिकवायचे थोडं. ती मिस मॅक्लाउड कोण? नेटवर कुठेतरी वाचलं की फ्लोरा मॅक्लाउड म्हणून फार सुंदर मुलगी होती, तिच्यावर केलीय.

इतिहासाचा_कीडा

थांबा थांबा, यात मला बोलायचंय, कारण फ्लोरा मॅक्लाउड म्हटलं की धागा सरळ पुण्यात येतो.

आधी रील. छापील स्वरूपात ही गौंच्या पाचव्या संग्रहात येते, साल 1809. तिथे मिस नाही, 'मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे' आहे, आणि खाली टीप की ही मूळची स्काय बेटावरची रील असून मिस्टर मॅक्लाउडनी कळवलीय. 'ऑफ रासे' म्हणजे रासे बेटाच्या लेअर्डची बायको, 1809 ला लेअर्ड होते जेम्स मॅक्लाउड, तेव्हा मिसेस म्हणजे त्यांच्या सौ. आयर्लंड-अमेरिकेत गेल्यावर मिसेसची मिस झाली. तुम्ही म्हणता ती फ्लोरा या जेम्सची थोरली बहीण, आणि ती 1780 लाच वारलेली. त्यामुळे रीलची बाई ती नव्हे.

पण फ्लोराची गोष्ट सोडू नका. 1773 च्या सप्टेंबरात इंग्रजीचे कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉसवेल रासेला गेले होते, तेव्हाच्या लेअर्डला तीन मुलगे आणि दहा मुली, रोज रात्री घरात फिडलवर नाच. या दहांतली फ्लोरा थोरली, जॉन्सनसारखा खडूस माणूससुद्धा तिच्यावर खूश होऊन परतला. पुढे तिचं लग्न कर्नल म्यूर कॅम्बेलशी झालं, आणि ती बाळंतपणात गेली. नवऱ्याला नंतर लाउडनची अर्लकी मिळाली पण पैशाच्या अडचणीत त्याने 1786 ला आत्महत्या केली. बर्न्सने या दोन मृत्यूंवर, फ्लोराच्या इझाबेला नावाच्या बहिणीच्या तोंडी, एका जुन्या विलापाच्या चालीवर गाणं लिहिलंय.

मागे राहिली पाच वर्षांची पोर. तिचंही नाव फ्लोरा, आणि त्याच वयात ती स्वतःच्या हक्काने काउंटेस ऑफ लाउडन. 1804 ला तिने लग्न केलं अर्ल ऑफ मोइराशी. आता बसा नीट. हा मोइरा म्हणजेच नंतरचा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, 1813 ते 1823 गव्हर्नर जनरल. वॉरन हेस्टिंग्ज नव्हे, तो वेगळा. 1817-18 चं तिसरं इंग्रज-मराठा युद्ध, खडकीची लढाई, पेशवाईचा शेवट, हे सगळं ज्याच्या कारकिर्दीत झालं तोच हा.

कोथरूडकर_काकू

अगं बाई! म्हणजे बाजीराव बिठूरला गेला तेव्हाच्या कलकत्त्याच्या लाटसाहेबांची बायको ती रासेच्या फ्लोराची मुलगी?

इतिहासाचा_कीडा

हो काकू. आणि बाजीराव शरण गेला तो माल्कमला, तोही स्कॉटिश, लँगहोमच्या बाजूचा. पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन स्कॉटिश, साताऱ्याचा ग्रँट डफ स्कॉटिश. पेशवाई बुडवायला निम्मं स्कॉटलंड आलं होतं म्हणा ना.

मोइरा स्वतः मात्र आयरिश.

ग्रॅनाइटवाला

कीडा, दंडवत! यात माझी भर. या मोइराच्या नावाची चाल आहेच की, 'लॉर्ड मोइराज वेलकम टू स्कॉटलंड'. 1803 ला तो स्कॉटलंडचा सेनापती म्हणून आला होता. आणि पेझ्लीचा विणकर कवी टॅनाहिल याने याच चालीवर गाणं लिहिलं, ज्यात हा मोइरा मोहिमेवर निघताना लाउडनची झाडी आणि नवी बायको यांचा निरोप घेतो. म्हणजे नवऱ्याच्या स्वागताची चाल घेऊन त्यात बायकोच्या निरोपाचे शब्द. तरी शीर्षकात नाव त्याचंच, काकूंना पुन्हा राग येणार.

नवखा_व्हायोलिन

मग हे डलहौसीचं काय? 'अर्ल ऑफ डलहौसी'च्या नावाची चाल एका रेकॉर्डिंगवर दिसली मला, रचनाकार नॅथॅनियल गौ. हा तोच का, सातारा, नागपूर, झाशी खालसा करणारा? तोच असेल तर मी वाजवणार नाही, आधीच सांगतो.

ग्रॅनाइटवाला

खुशाल वाजवा, तो नाही. नॅथॅनियल गौ, नीलचा मुलगा, एडिनबरोत संगीताचं दुकान आणि प्रकाशन चालवायचा, तो वारला 1831 ला. खालसावाला डलहौसी 1812 चा जन्म आणि अर्ल झाला 1838 ला. मेलेला माणूस सात वर्षांनी अर्ल होणाऱ्यावर चाल कशी रचेल. म्हणजे हा बाप, नववा अर्ल, आधी कॅनडाचा गव्हर्नर आणि नंतर थोडा काळ हिंदुस्थानात सरसेनापती. यात सगळी मेख पदवीत असते. अर्ल, ड्यूक, सर, लेडी ही नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच राहतात, आतला माणूस बदलतो. रचनाकार कधी वारला, संग्रह कुठल्या साली छापला आणि त्या साली पदवी कुणाकडे होती, या तिन्ही तारखा एकत्र ठेवल्या की बहुतेक वेळा एकच माणूस शिल्लक राहतो.

तारखांना चकवा एकच, शीर्षक बदलणं. गौ मंडळींनी मार्शलच्या चाली त्याचं नाव न घालता आणि कधी शीर्षक बदलून छापल्या, त्यावरून वाजलं पण होतं. तेव्हा तुम्हाला सापडलेली मिसेस अमुक ही चालीची मूळ मालकीण आहे की नंतर डकवलेली, हे कळायला जुन्यात जुनी छपाई बघायलाच हवी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे जुने संग्रह पानापानांनी स्कॅन करून ठेवलेत, फुकट आहेत. मी आधी वर्गणीदारांची यादी उघडतो, चाली नंतर.

तानपुरा_लावतोय

हे चोरीचं प्रकरण इंटरेस्टिंग आहे. म्हणजे गौ मोठा की मार्शल?

ग्रॅनाइटवाला

वाजवण्यात नील, रचण्यात मार्शल. माझं मत, भांडायला मोकळे आहात. बर्न्सने मार्शलला त्या काळातला स्ट्रॅथस्पेचा पहिल्या नंबरचा रचनाकार म्हटलंय. मार्शलच्या चाली हाताला अवघड, फ्लॅटवाल्या पट्ट्या, नुसत्या नाचासाठी केलेल्या वाटत नाहीत. पण गौंकडे दुकान होतं, आणि दुकान असलेल्याचं नाव राहतं.

झंपी

लाँग स्टोरी शॉर्ट सगळे जमीनदार आणि साहेब. एखादा सैनिक, चोर, फाशी गेलेला असं कुणी नाही का?

ग्रॅनाइटवाला

फाशीवाला आहे, 'मॅकफर्सन्स रँट'. जेम्स मॅकफर्सन, लुटारू आणि फिडलर, 1700 च्या नोव्हेंबरात बॅन्फला फाशी. म्हणतात वधस्तंभापाशी त्याने ही चाल वाजवली, फिडल घेता का म्हणून गर्दीला विचारलं, कुणी पुढे आलं नाही तेव्हा ते फोडून टाकलं. त्या फिडलचे म्हणून सांगितलेले तुकडे न्यूटनमोरच्या संग्रहालयात आहेत. फाशी खरी, फिडलचं तुम्ही ठरवा.

आणि सैनिक म्हणाल तर 'हेक्टर द हीरो'. स्किनरचीच, 1903. हेक्टर मॅकडॉनल्ड हा रॉस-शरच्या गरीब कुळाचा पोरगा, गॉर्डन हायलँडर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. अफगाण युद्धात मर्दुमकी दाखवून शिपायाचा अधिकारी झाला, जे त्या सैन्यात जवळजवळ होत नसे. सुदानात ओमडर्मनला 1898 मध्ये नाव केलं, मग काही काळ पंजाबात सरहिंदला, मग बोअर युद्ध, मेजर जनरल, सर. 1902 ला सिलोनचा सेनापती. तिथे मुलांशी संबंधांचे आरोप झाले, कोर्ट मार्शलचा हुकूम झाला, आणि परत जाताना पॅरिसच्या हॉटेलात 25 मार्च 1903 ला त्याने स्वतःला गोळी घातली. एडिनबरोत डीन दफनभूमीत पुरला. वरच्या वर्गाला खालून आलेला माणूस खुपत होता म्हणून त्याला अडकवला, असं इथे बरेच लोक अजून मानतात.

स्किनरने लगेच ही चाल केली. आणि इथे आपला पावतीचा नियम मोडतो, कारण मेलेल्या आणि बदनाम माणसाकडून काय मिळणार होतं? सगळे गप्प बसलेले असताना त्याने शीर्षकात 'हीरो' हा शब्द छापला. स्किनरला मी वर अहंकारी म्हटलंय, ते आहेच, पण याला धाडस लागतं.

मुक्काम_पोस्ट_मिरज

ही आमच्या क्लासला वॉल्ट्झ म्हणून शिकवली होती!! लग्नात वाजवलीय मी.

ग्रॅनाइटवाला

इथेही लग्नात वाजवतात, कुणाला काही वाटत नाही.

कोथरूडकर_काकू

ते हेस्टिंग्ज आणि फ्लोराचं पुढे काय झालं ते सांगा ना, अर्धवट सोडलंत.

इतिहासाचा_कीडा

सांगतो. गव्हर्नर जनरलकी संपल्यावर हेस्टिंग्जला माल्टाचा गव्हर्नर केला. 1826 ला नेपल्सजवळ जहाजावर वारला आणि माल्टात पुरला. पण त्याने सांगून ठेवलं होतं की माझा उजवा हात कापून जपून ठेवा आणि बायको गेली की तिच्यासोबत पुरा. फ्लोरा 1840 ला गेली, आणि तसं केलं, लाउडनला.

त्याच्या आधी तिच्या मुलीचं प्रकरण झालं होतं. तीही फ्लोरा, तिसरी. राणी व्हिक्टोरियाच्या आईच्या पदरी मानकरीण. पोट वाढलेलं दिसलं म्हणून दरबारात कुजबूज सुरू झाली की दिवस गेलेत, तपासणी करायला लावली, निघाला यकृताचा आजार. 1839 च्या जुलैत 33 व्या वर्षी गेली आणि तरुण राणीची चिक्कार छीथू झाली.

झंपी

बापरे. तो हात अजून आहे तिथे? आणि लाउडनला बघण्यासारखं काही आहे का, पुढच्या वर्षी ग्लासगोला येतेय.

ग्रॅनाइटवाला

झंपी, ग्लासगोहून फार लांब नाही, एअरशरमध्ये. पण वाडा 1941 ला आगीत गेला, नुसत्या भिंती उभ्यात. मध्यंतरी 1995 ते 2010 तिथे चक्क थीम पार्क होतं, रोलरकोस्टर वगैरे, तेही बंद पडलं. त्यापेक्षा सवड असेल तर उत्तरेला डंकेल्डला जा, ट्रेन आहे, इन्व्हर चालत होतं. येणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा. आणि @नवखा, त्या डलहौसीच्या चालीचं जुनं पान मिळालं की इथेच टाकतो, पट्टी कुठली आहे ते बघून मग ठरवा वाजवायची का ते.